तक्रार कोणी केली ते सोडा, आधी फाइल मागा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘आम्ही इंग्लंडमध्ये टेरेस घरात राहतो, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. यंदा घरी पाच दिवसांचा गणपती होता. संध्याकाळच्या आरतीला मित्रमंडळी यायची, झांजा असायच्या, विसर्जनाला मुलांनी ताशाही वाजवला. नंतर एके दिवशी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस दारात आला. छातीवर कॅमेरा. घरात कोण कोण राहतं ते त्यानं विचारलं, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूबाईंचं नाव लिहून घेतलं, मुलांची वयंही. मग “कम्युनिटी प्रोटेक्शन वॉर्निंग” असं पत्र आलं. वारंवार ढोल, आरडाओरडा, रात्री उशिरा मोठ्यानं बोलणं, असं म्हणून काही तारखा दिल्या आहेत. त्यातल्या एका तारखेला आम्ही सगळे नाशिकला होतो! “पुरावे उपलब्ध आहेत” असंही लिहिलंय. तक्रार कोणी केली हे आम्हाला कळेल का? आमचं बोलणं कोणी रेकॉर्ड केलंय का? पुढच्या वर्षी आयएलआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचाय. ही माहिती होम ऑफिसला, म्हणजे गृहखात्याला, जाते का? नवरा म्हणतो, गप्प बसू. मैत्रीण म्हणते, गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्राचा फोटो टाक आणि सरळ विचार. काय करू?’

ताई, नमस्कार.

प्रश्न बरेच विचारलेत, पण त्यांच्यामागची काळजी एकच दिसते: आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते आपल्याला दिसत नाहीये. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तक्रार कोणी केली हे तुम्हाला बहुधा कळणार नाही, आणि कळून फायदाही नाही. कौन्सिलनं तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते मात्र मागता येतं, तेही फुकट. ते आधी मागा. आवाज किती होता, किती वाजेपर्यंत होता, हा वाद त्यानंतर घाला.

हातातल्या पत्राचं वजन आधी समजून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४चा अँटी-सोशल बिहेव्हिअर, क्राइम अँड पोलिसिंग अ‍ॅक्ट आहे. त्यात कौन्सिलला आणि पोलिसांना कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस काढता येते. त्यासाठी तुमचं वागणं आसपासच्या लोकांच्या जगण्यावर वाईट परिणाम करणारं हवं, ते सतत चाललेलं हवं, आणि अवाजवीही हवं. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. नोटिशीच्या आधी लेखी ताकीद द्यावीच लागते, आणि तुम्हाला आलंय ते पत्र म्हणजे ही ताकीद. ही शिक्षा नव्हे, दंड नव्हे, गुन्ह्याची नोंदही नव्हे. पण तिच्याविरुद्ध अपिलाची सोयही कायद्यात नाही, आणि हीच यातली खोच आहे. अपील करता येतं ते पुढच्या पायरीवर: नोटीस हातात पडल्यापासून २१ दिवसांत, मॅजिस्ट्रेट कोर्टात. नोटीस मोडली तर तो गुन्हा होतो. कोर्टात गेलं तर व्यक्तीला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याऐवजी कौन्सिल जागेवरचा ठरावीक दंड देऊ शकते. तो २०१४च्या कायद्यात जास्तीत जास्त १०० पौंड ठेवला होता. ५०० पर्यंत नेण्याची तरतूद असलेलं विधेयक २०२५ साली संसदेत आलं.

म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकून विसरण्यासारखंही नाही. यजमानांचा ‘गप्प बसू’ हा सल्ला मला पटत नाही. आज उत्तर दिलं नाही, तर उद्या नोटीस काढताना फाइलमध्ये ‘ताकीद दिली, प्रतिसाद नाही’ अशी ओळ पडते.

आता ही फाइल बनते कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकच्या तारखेचं मूळ तिथंच सापडेल.

कुणीतरी कौन्सिलला फोन करतो किंवा वेबसाइटवरचा फॉर्म भरतो. तक्रारीला क्रमांक पडतो आणि ती तुमच्या पत्त्याला जोडली जाते. तक्रारदाराला बहुतेक ठिकाणी एक डायरी भरायला देतात: तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ, तुम्हाला काय त्रास झाला. पुढचा फोन, पुढचा ईमेल, दुसऱ्याच एखाद्या शेजाऱ्याची कुरकूर, सगळं त्याच पत्त्याखाली जमा होत जातं. पलीकडच्या घरातल्या पार्टीचा आवाज भिंतीतून आला आणि ऐकणाऱ्याला तो तुमच्याकडचा वाटला, तरी तो तुमच्याच नावावर चढतो. पहिल्या नोंदीत ‘तक्रारदाराच्या म्हणण्यानुसार’ असं लिहिलेलं असतं. दुसरा अधिकारी फाइल हातात घेतो, सारांश करतो, आणि ते दोन शब्द गळतात. तिसऱ्या ईमेलमध्ये ‘वारंवार ढोल वाजवणारं कुटुंब’ असं सरळ विधान झालेलं असतं. यात कुणाचा कट असतो असं नाही. कामाच्या ढिगाऱ्यात असं होतं. पण त्या विधानावर सही होऊन पत्र निघतं ते तुमच्या घरी.

हे असं चालणार नाही, असं कायदा म्हणतो. वैयक्तिक माहिती जपण्याचे कायदे, म्हणजे यूके जीडीपीआर आणि २०१८चा डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट कौन्सिललाही लागू आहेत. कौन्सिलला या कामासाठी तुमची संमती लागत नाही, हे लक्षात घ्या. ‘मी परवानगी दिली नव्हती’ हा मुद्दा इथं टिकत नाही, कारण सार्वजनिक काम हाच त्यांचा आधार आहे. पण माहिती अचूक हवी, कामापुरतीच हवी आणि गरज आहे तेवढाच काळ ठेवलेली हवी, हे त्यांना चुकत नाही. प्रकरण गुन्ह्याच्या तपासाकडे झुकलं, तर २०१८च्या कायद्याचा तिसरा भाग लागू होतो. त्यातलं कलम ३८ मला फार उपयोगाचं वाटतं. वस्तुस्थितीवर आधारलेली माहिती आणि कुणाचं तरी वैयक्तिक मत यांत शक्य तितका फरक ठेवा, असं ते सांगतं. शिवाय संशयित, दोषी ठरलेला, पीडित, साक्षीदार या माणसांच्या नोंदी एकमेकांत मिसळू नका, असंही सांगतं. तुमच्या सासूबाई आणि मुलं यांपैकी कुठल्या रकान्यात बसतात, हे कौन्सिलला विचारून पाहाच. बहुधा कुठल्याच नाही. मग ती नावं आणि वयं लिहून का ठेवली?

फाइल मागण्याच्या अर्जाला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. त्याला विशिष्ट फॉर्म लागत नाही, वकील लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर डेटा प्रोटेक्शन ऑफिसरचा ईमेल असतो, तिथं लिहा आणि पत्रावरचा केस क्रमांक द्या. मोघम ‘माझी सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. कौन्सिलकडे तुमचा कौन्सिल टॅक्स आहे, मुलांच्या शाळाप्रवेशाची कागदपत्रं आहेत, कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्याच्या गठ्ठ्यात हवं ते हरवेल. नेमकं मागा: या केसची पूर्ण नोंदवही, अधिकाऱ्याच्या भेटीची टिपणं, छातीवरच्या कॅमेऱ्याचं त्या दिवशीचं चित्रीकरण, आवाजाचे रेकॉर्डिंग असतील तर ते, पोलीस किंवा हाउसिंग असोसिएशनशी झालेला तुमच्याबद्दलचा पत्रव्यवहार. माहिती कुणाकुणाला दिली आणि किती काळ ठेवणार, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं, कारण कायद्यानं ठरावीक वर्षं घालून दिलेली नाहीत. पण त्यांच्याकडे स्वतःचं लेखी वेळापत्रक असायला हवं.

चित्रीकरणासाठी घाई करा. पुरावा म्हणून बाजूला काढलेलं नसेल तर अशी फुटेज बऱ्याच ठिकाणी साधारण महिन्याभरात आपोआप पुसली जातात. एकदा तुमचा अर्ज पोचला की तो टाळण्यासाठी माहिती नष्ट करणं किंवा लपवणं हा २०१८च्याच कायद्याच्या कलम १७३ खाली गुन्हा आहे. म्हणून ईमेलच करा, पोचल्याची तारीख हातात राहते.

उत्तराला एक महिन्याची मुदत आहे. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर ती आणखी दोन महिने वाढवता येते, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. इथं एक सापळा आहे. मध्येच नोटीस आली तर अपिलाचे २१ दिवस फाइलची वाट पाहत थांबत नाहीत. फाइल आली नाही म्हणून अपील राहिलं, असं होऊ देऊ नका.

सासूबाईंची माहिती तुम्हाला तुमच्या अर्जात मिळणार नाही, कारण ती त्यांची आहे. त्यांच्या सहीचं साधं अधिकारपत्र जोडा, म्हणजे त्यांच्या वतीनं तुम्हाला मागता येईल. लहान मुलांच्या वतीनं आई-वडिलांना मागता येतं.

आता तक्रारदाराचं नाव. तुमच्या फाइलमध्ये दुसऱ्या माणसाची माहिती गुंतलेली असेल, तर त्याच्या संमतीशिवाय ती देणं वाजवी आहे का, हे कौन्सिलला तोलून पाहावं लागतं. शेजाऱ्यांच्या भांडणात ते पारडं जवळपास नेहमी नाव झाकण्याकडे झुकतं, आणि माझ्या मते ते बरोबरही आहे. उद्या तुम्हीच कुणाबद्दल तक्रार केलीत, समजा वरच्या मजल्यावरच्या अमली पदार्थांच्या व्यवहाराबद्दल, तर आपलं नाव त्याच वरच्या मजल्यावर कळवलं जावं असं तुम्हाला वाटेल का? कागद येतील तेव्हा त्यावर काळे पट्टे असतील. ते बघून चिडू नका. तुमच्याबद्दलचा मजकूर मात्र त्या पट्ट्यांखाली जाता कामा नये. तक्रारदाराचं नाव झाकता येतं. ‘या तारखेला रात्री अमुक वाजता ढोल’ हा आरोप झाकण्याचं कारण नसतं. तपासाला बाधा येईल म्हणून काही भाग रोखून ठेवायची सवलत त्यांना आहे, पण ती सरसकट वापरता येत नाही; नेमकी कुठली बाधा, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर मात्र चित्र बदलतं. तिथं पुरावा तुमच्यासमोर मांडावाच लागतो. साक्षीदार घाबरत असतील तर इंजंक्शनसारख्या (मनाईहुकमाच्या) दिवाणी कामात अधिकारी ऐकीव माहिती मांडू शकतो, फौजदारी कामात ते इतकं सोपं नसतं. पण तुम्ही तिथवर जाल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल. हे शक्य आहे, आणि आजकाल सर्रास होतं. बऱ्याच कौन्सिल तक्रारदाराला मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला सांगतात. आवाज सुरू झाला की तो आपल्या घरात बसून छोटी ध्वनिफीत करतो आणि पाठवतो. काही ठिकाणी अधिकारी तक्रारदाराच्या घरी आवाज मोजायचं यंत्रच ठेवतात. कायद्याच्या दृष्टीनं कळीचा प्रश्न असा की यंत्रानं काय टिपलं: ताशाचा दणका, की तुमचं घरातलं बोलणं? छुप्या निगराणीबद्दलच्या सरकारी आचारसंहितेत हा फरक केलेला आहे. नुसते डेसिबल, संगीत, यंत्राचा खडखडाट, किंवा शेजारच्या घरात साध्या कानांनी ऐकू येईल इतपतच बोलणं टिपलं, तर खास परवानगी सहसा लागत नाही. कानाला ऐकू न येणारं बोलणं यंत्र लावून खेचून ऐकलं, तर मामला वेगळा. बऱ्याच कौन्सिल म्हणूनच आधी पत्र पाठवून कळवतात की यापुढे आवाज मोजला जाऊ शकतो. तसं पत्र आधी आलं होतं का, जुनी टपालं एकदा चाळा.

यजमान रात्री उशिरा ऑफिसच्या कॉलवर असतात असं असेल, तर थोडं मनावर घ्या. तो आवाज भिंतीपलीकडे गेला असेल तर त्यांच्या कंपनीचं बोलणंही त्या ध्वनिफितीत असू शकतं.

‘कौन्सिल गुपचूप पाळत ठेवते’ अशी भीतीही तुमच्या पत्रातून डोकावते, म्हणून सांगतो. ती भीती अगदीच निराधार नाही, जुनी आहे. २००८ साली डॉरसेटमधल्या पूलच्या कौन्सिलनं एका कुटुंबावर कित्येक दिवस पाळत ठेवली होती, का, तर ते खरंच त्या शाळेच्या हद्दीत राहतात का हे बघायला! २०१० मध्ये अशा पाळतीच्या तक्रारी ऐकणाऱ्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ट्रायब्युनलनं ती पाळत बेकायदा ठरवली. त्यानंतर नियम कडक झाले. १ नोव्हेंबर २०१२ पासून कौन्सिलला अशी पाळत ठेवायची तर मॅजिस्ट्रेटची मंजुरी लागते, आणि गुन्हाही निदान सहा महिन्यांच्या कैदेचा लागतो. अल्पवयीनांना दारू-तंबाखू विकणं असे मोजके अपवाद सोडून. कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस मोडण्याला कैद नाहीच. आरतीच्या आवाजासाठी तुमच्या दारासमोर गाडी लावून कुणी टिपणं घेतंय असं व्हायचं कारण नाही.

दारात आलेल्या माणसानं केलं त्यातलं काही मला खटकलं. कॅमेरा लावण्यात गैर नाही, पण तो चालू आहे हे सांगायला हवं होतं, आणि उंबऱ्याच्या आत चित्रीकरण करायला रस्त्यापेक्षा जास्त सबळ कारण हवं. घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगायची सक्ती करण्याचा सरसकट अधिकार कौन्सिलच्या अधिकाऱ्याला नाही. रस्त्यावर कचरा टाकताना पकडलं आणि दंडाची पावती द्यायची असेल, तर १९९०च्या पर्यावरण कायद्याखाली तो नाव-पत्ता मागू शकतो, आणि न देणं किंवा खोटं देणं गुन्हा आहे. गणवेशातल्या पोलिसाला २००२च्या पोलीस रिफॉर्म अ‍ॅक्टचं कलम ५० तसा अधिकार देतं. तुमच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. आपण भारतीय लोक दारात अधिकारी दिसला की न विचारलेलंही सांगतो, आधार कार्ड तेवढं पुढं करायचं राहतं. यापुढे त्याचं ओळखपत्र बघा, तुम्ही तुमचं नाव सांगा, आणि बाकीच्यांबद्दल ‘हे कशासाठी लागतंय?’ असं शांतपणे विचारा. सासूबाईंच्या नावाबद्दल आणि मुलांच्या वयांबद्दल लेखी हरकत घ्या, आणि काढून टाका असं म्हणा. मुलं घरात आहेत हे नोंदवायला कधी कधी खरं कारण असतं, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असतो. मग ते कारण त्यांनी सांगावं.

आणखी एक पाहा. टिपणात ‘धार्मिक समारंभ’, ‘भारतीय कुटुंब’ असे शब्द असतील तर वंश आणि धर्म ही कायद्यानं खास जपायची माहिती आहे. आवाजाच्या तक्रारीत ती का लागली याचं उत्तर कौन्सिलकडे हवं. कधी कधी ते तुमच्याच बाजूचं असतं: वर्षातून एकदाचा सण म्हणून नोंदवला, तर ‘सतत चाललेलं वागणं’ हा आरोप ढिला पडतो. तेव्हा शब्द दिसला की लगेच भांडू नका, तो कुठल्या वाक्यात आलाय ते बघा.

माहिती जाते कुठे? १९९८च्या क्राइम अँड डिसऑर्डर अ‍ॅक्टच्या कलम ११५ नुसार कौन्सिल, पोलीस, आरोग्यसेवा वगैरे एकमेकांना माहिती देऊ शकतात. देऊ शकतात, द्यायलाच हवी असं ते कलम म्हणत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी गरज आणि प्रमाण बघावं लागतं, आणि पाठवताना काळजी घ्यावी लागते. काळजी घेतली नाही तर काय होतं, ते लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलनं दाखवलंय. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्यानं मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या ‘गँग्ज मेट्रिक्स’ची यादी ४४ जणांना ईमेल केली, झाकलेली आणि न झाकलेली अशा दोन्ही प्रती. त्यात टोळ्यांशी संबंध असल्याचा संशय असलेल्या २०३ जणांच्या जन्मतारखा, घरचे पत्ते, कथित टोळीचं नाव असं सगळं होतं. पुढे त्या यादीचे फोटो स्नॅपचॅटवरून विरोधी टोळ्यांच्या हातात पडले. त्या वर्षी न्यूहॅममध्ये टोळ्यांचा मोठा हिंसाचार झाला आणि बळी पडलेल्यांत यादीतली माणसंही होती. त्याला हा ईमेलच कारण झाला असं म्हणता येत नाही, हे माहिती संरक्षणावर देखरेख करणाऱ्या इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयानंही स्पष्ट केलं. पण एप्रिल २०१९ मध्ये कौन्सिलला १,४५,००० पौंड दंड झाला. त्या यादीतही नुसते संशयित होते, दोषी ठरलेले सगळे नव्हते, आणि ज्यांच्या हातात ती गेली त्यांना तेवढ्या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. तुमची फाइल त्या मानानं किरकोळ आहे. तरी ‘कुणाकुणाला दिली’ हा प्रश्न अर्जात का घालायचा, ते यावरून कळेल.

होम ऑफिसकडे तुमच्या ताकीदपत्राची प्रत आपसूक जाते असं नाही. आयएलआरच्या अर्जात शिक्षा, दंड आणि चारित्र्याबद्दल प्रश्न असतात. ताकीद ही शिक्षा नाही, नोटीसही नाही. नोटीस मोडून कोर्टात दोषी ठरलात तर ती शिक्षा, आणि ती सांगावीच लागेल. जागेवरचा दंड मुदतीत भरला तर त्या मोडण्याबद्दल तुम्हाला दोषी ठरवता येत नाही, पण अर्जातला प्रश्न नीट वाचून, तेव्हाच्या फॉर्मच्या शब्दांप्रमाणेच उत्तर द्या. त्या वेळी इमिग्रेशन सॉलिसिटरला एकदा हे पत्र दाखवा. सांगायची गरज नसलेलं सांगितलं तर फार बिघडत नाही, सांगायला हवं ते लपवलं तर बिघडतं. नोकरीसाठी लागणाऱ्या साध्या डीबीएस तपासणीतही (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) कौन्सिलची ताकीद येत नाही. एन्हान्स्ड तपासणीत पोलिसांकडची इतर माहिती येऊ शकते, पण ती त्या नोकरीशी संबंधित आहे असं पोलिसप्रमुखांना रास्तपणे वाटलं तरच.

फाइल आली की नाशिकची तारीख शोधा. ती चुकीची असल्याचं बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के लावून कळवा, आणि दुरुस्ती मागा. ‘दुरुस्ती’ म्हणजे तक्रारच पुसली जाईल असं नाही. तक्रार आली होती ही गोष्ट खरीच असते. पण त्या नोंदीपुढे ‘कुटुंब त्या दिवशी देशाबाहेर होतं’ असं चढायला हवं, आणि ज्यांना जुनी माहिती दिली त्यांनाही कळवायला हवं. एक तारीख अशी कोसळली की बाकीच्या तारखांकडेही अधिकारी नव्यानं बघतो. कौन्सिलनं फाइल दिलीच नाही, अर्धवट दिली, किंवा दुरुस्ती नाकारली, तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा आणि मग इन्फर्मेशन कमिशनरकडे जा. तिथं माहितीचा प्रश्न सुटतो, आवाजाचा नाही. एकूण वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाकडे. दोन्ही फुकट.

मैत्रिणीला प्रेमानं सांगा की व्हॉट्सअ‍ॅपवर काही जाणार नाही. पत्रात तुमचा पत्ता आहे, केस क्रमांक आहे. तुमच्या अंदाजानं ज्याचं नाव तिथं चर्चेत येईल तो तक्रारदार नसेलही, आणि असलाच तर फोटोचा स्क्रीनशॉट कौन्सिलकडे जाईल. मग ढोलाची तक्रार मागे पडेल आणि ‘साक्षीदारावर दबाव’ ही नवी तक्रार पुढे येईल, जी निस्तरणं फार अवघड. ‘तूच केलीस ना?’ असं कुंपणावरून विचारणंही त्यातच आलं.

थोडं कटू बोलतो. टेरेस घरात ताशा म्हणजे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात ताशा. ज्या तारखा खऱ्या आहेत त्या मान्य करा, त्यानं तुमची बाजू मजबूत होते. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आठवडाभर आधी दोन्हीकडे एक चिठ्ठी आणि डबाभर मोदक नेऊन द्या, आरती किती वाजता संपणार ते त्यात लिहा, आणि ताशा हॉलवर किंवा विसर्जनाच्या जागी वाजू द्या, तिथला नियम विचारून.

या आठवड्यात दोन ईमेल करा. पहिला डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला, वर सांगितलेला. दुसरा पत्रावर सही असलेल्या अधिकाऱ्याला, आणि तो छोटा ठेवा: पत्र मिळालं; या या तारखांना घरी वार्षिक सण होता, यापुढे ही काळजी घेऊ; अमुक तारखेला आम्ही भारतात होतो, तिकिटं सोबत; बाकीच्या तारखांचा तपशील मिळाल्यावर उत्तर देऊ; फाइल मागितली आहे, तोवर नोटीस काढू नये ही विनंती. ही विनंती मानणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. पण त्यानंतरही नोटीस काढली आणि तुम्ही अपिलात गेलात, तर मॅजिस्ट्रेटसमोर ठेवायच्या कागदांत सर्वांत वर हाच ईमेल असेल.